पट्टी कशाची घ्यावी

"प्रमाणित करण्यात येते की, श्री. कास्मादी, वय वर्षे छप्पन्न, उंची एकशे एकसष्ट सेंटिमीटर, धर्म इस्लाम, विवाहित, अपत्ये दोन, ओळखीची खूण नाही, हे शेतकी प्रसारण केंद्र, सोलो, येथे ध्वनिमुद्रण सहायक (कनिष्ठ) या पदावर सलग एकतीस वर्षे कार्यरत होते. उक्त कालावधीत त्यांची वर्तणूक समाधानकारक होती. सदर कर्मचाऱ्याच्या हातून कोणत्याही शासकीय साहित्याची हानी, नासधूस अथवा विल्हेवाट झालेली नाही. सबब हे प्रमाणपत्र त्यांच्या मागणीवरून देण्यात येत आहे."

हे प्रमाणपत्र कास्मादीच्या पुढच्या खोलीत काचेच्या चौकटीत टांगलेलं होतं. चौकटीत डावीकडून वाळवी शिरली होती आणि तिने 'कनिष्ठ' हा शब्द तेवढा खाल्ला होता. त्याची बायको वुर्यानी म्हणायची, सरकारने एकतीस वर्षांत दिली नाही ती बढती वाळवीने सहा वर्षांत दिली.

निवृत्ती कास्मादीला मानवली नव्हती. जावा बेटावरच्या सोलो शहरात, मोजोसोंगो भागातल्या निवृत्त माणसाने एक कवडा पाळावा, त्याचा पिंजरा सकाळी दोरीने उंच बांबूवर चढवावा, आणि खाली बसून तो घुमतो कसा ते ऐकावं, असा रिवाज आहे. कास्मादीनेही कवडा पाळला. चौथ्या दिवशी त्याला पिंजऱ्याच्या कप्पीचा करकर आवाज खुपायला लागला, सहाव्या दिवशी त्याने कप्पी उतरवली, आणि ती सुधारेपर्यंत कवडा शेजाऱ्याकडे राहायला गेला तो गेलाच. बसला की त्याचा उजवा गुडघा हलायचा. घरातली एकूण एक वस्तू त्याने एकदा उघडून पाहिली होती, आणि प्रत्येक वस्तू मिटताना एखादा स्क्रू उरला होता. हे उरलेले स्क्रू वुर्यानीने लोणच्याच्या बरणीत जमवले होते. पाहुणे आले की ती बरणी दाखवायची. म्हणायची, "हा आमचा फंड."

गेल्या दोन वर्षांपासून मात्र त्याची ही सगळी चुळबुळ एकाच वस्तूभोवती गोळा झाली होती. त्याला पट्टीचा मायक्रोफोन बनवायचा होता.

केंद्रात तसा एक होता, डचांच्या वेळचा, नारळाएवढा. त्याच्या पोटात दोन लोहचुंबकांच्या मधल्या फटीत ॲल्युमिनियमची एक सुरकुतलेली पट्टी टांगलेली असे. बोटभर लांब, गवताच्या पात्याएवढी रुंद, आणि इतकी पातळ की समोर कुणी उसासा टाकला तर ती झुलावी. आवाज आला की पट्टी थरथरते, थरथरली की वीज निघते. यंत्र म्हणून एवढंच. नवे मायक्रोफोन गाणाऱ्याचा हिशोब मांडतात, हा फक्त ऐकतो, असं कास्मादीचं मत होतं. ते त्याने कुणाला सांगितलं नाही, कारण कनिष्ठ पदाला मत नसतं. पुढे तो मायक्रोफोन 'जुने लोखंड' या सदराखाली वजनावर लिलावात गेला.

आणि त्या मायक्रोफोनसमोर १९७८ साली न्यी सामिंतेन एकवीस मिनिटं गायली होती.

न्यी म्हणजे बाई; सामिंतेन ही गामेलानबरोबर, जावाच्या पितळी वाद्यांच्या ताफ्याबरोबर, गाणारी, सोलोच्या पंचक्रोशीत तिच्या तोडीची दुसरी नव्हती. केंद्राला भाताच्या दोन भाषणांच्या मध्ये काहीतरी भरायला लागे, म्हणून तिला बोलावलं होतं. ती आली, पानाची पिंक टाकून आली, आणि अशी गायली की बटणांवर बसलेला एकतीस वर्षांचा कास्मादी पहिल्यांदा, आणि बहुधा शेवटचं, गुडघा न हलवता बसला. तीन आठवड्यांनी वरून कागद आला. कोऱ्या टेपांचा तुटवडा आहे, तरी मनोरंजनपर टेपांचा पुनर्वापर करून उपसंचालकांचं युरियावरील भाषण मुद्रित करावं. कपाटात मनोरंजनपर अशा दोनच टेपा होत्या. एक सामिंतेनची, दुसरी उपसंचालकांच्या मेव्हण्याच्या बँडपथकाची. मेव्हणा तक्रार करणार, सामिंतेन करणार नाही, हे कास्मादीला कळत होतं. त्याने सामिंतेनची टेप काढली.

त्यानंतर दर ईदला तो रिवाजाप्रमाणे तिच्या घरी माफी मागायला जायचा. वर्षभरात कळत नकळत जे काही घडलं असेल त्याची माफी, सगळेच मागतात तशी. ती त्याच्या डोक्यावर हात ठेवायची आणि विचारायची, "दिक, माझी ती टेप आहे ना रे कपाटात?"

दिक म्हणजे धाकटा भाऊ, एम्बाक्यू म्हणजे थोरली बहीण. धाकटा भाऊ म्हणायचा, "आहे, एम्बाक्यू. नीट आहे." मग दोघं चकल्या खायची.

असं एकतीस ईद चाललं.

पावसाळ्याच्या सुरुवातीला, एका मंगळवारी, क्लिवोनच्या बाजाराच्या दिवशी, सामिंतेनचा भाऊ सामीजान सायकलवरून आला. तो गेंदेर वाजवायचा. दोन हातांत दोन गोल ठोकण्या धरून पितळी पट्ट्यांवर असा काही रांगायचा की हाताला हाडं नाहीतच. बोलायला मात्र काटेरी.

"मास, बातमी आहे," तो म्हणाला. मास म्हणजे दादा. "आमची म्हातारी समुद्रापार लांपुंगला चालली. लेकीकडे. कायमची."

"कधी?"

"पुढच्या मंगळवार-क्लिवोनच्या दुसऱ्या दिवशी. बसचं तिकीट काढलंय. ती म्हणते, मंगळवार-क्लिवोन माझ्या जन्माचा वार, तो इथे करते आणि मग जाते."

जावात सात वारांबरोबर पाच बाजारवारही चालतात, म्हणून जन्मवाराची जोडी पस्तीस दिवसांनी फिरून येते. कास्मादीने मनात पस्तीस मोजले आणि त्याचा गुडघा सुरू झाला.

"त्या दिवशी इथे गायला येतील का त्या?" तो म्हणाला. "एकदाच. मी मुद्रण करतो."

सामीजान हसला. "गेल्या वर्षी जिल्हाप्रमुख रेजेंटच्या पोराच्या लग्नात तिला ऐकवलं होतं मुद्रण. नवा मायक्रोफोन, महागाचा. तिने काय ऐकलं माहितीये? स्वतःची कवळी. टक, टक, टक. म्हणाली, हे यंत्र माझ्या गळ्याला नाही, माझ्या दंतवैद्याला लावा."

"माझ्या मायक्रोफोनमध्ये कवळी ऐकू येणार नाही."

"आहे कुठे तुझा मायक्रोफोन?"

कास्मादीने टेबलाकडे पाहिलं. टेबलावर एक पितळी नळी, चहाची गाळणी, आणि वुर्यानीने त्याच्यावर वाळत घातलेले तांदळाचे पापड होते.

"होतोय," तो म्हणाला.

पहिले दहा दिवस लोखंडाने खाल्ले. चुंबक सोपे गेले; गल्लीच्या तोंडावरचं इंटरनेटचं दुकान बंद पडलं होतं, तिथल्या मेलेल्या संगणकांच्या पोटातून सहा चकचकीत चुंबक निघाले. इतके जबर, की त्यातल्या एकाने स्वयंपाकघरातली सुरी वुर्यानीच्या हातातून ओढून घेतली. पण त्या चुंबकांची ओढ पट्टीच्या फटीपर्यंत आणून पोचवायला दोन्हीकडे लोखंडाचे दोन जबडे लागतात, आणि ते कसल्या लोखंडाचे, इथे गाडी अडली. कास्मादीने आधी ट्रकच्या पाट्याचं पोलाद आणलं, की निदान माल तरी उत्तम असावा. दोन दिवस कानशीने घासलं. लोहार रेजोने ते हातात घेऊन परत दिलं.

"हे मानी लोखंड आहे, मास," रेजो म्हणाला. "याच्या सुऱ्या कर. एकदा चुंबक लागलं की हे स्वतःच चुंबक होऊन बसतं, दुसऱ्याची ओढ पुढे जाऊ देत नाही. तुला पाहिजे गरीब लोखंड. मऊ. स्वतःचं म्हणणं नसलेलं."

"कुठे मिळेल?"

"सरकारी इमारतीत," रेजो म्हणाला, आणि भात्याकडे वळला.

कास्मादी घरी आला, खोलीभर फिरला, पुन्हा बाहेर गेला, पुन्हा आत आला. स्वयंपाकघराची खिडकी त्याच्या वडिलांनी सत्तरच्या सुमारास बसवलेली होती, आणि वडिलांनी आयुष्यात उत्तम प्रतीचं काहीही विकत घेतलेलं नव्हतं. त्याने खिडकीचा एक गज कापला. लोखंड लोण्यासारखं कापलं गेलं.

वुर्यानी बाजारातून आली तेव्हा खिडकीचा एक दात पडलेला होता.

"पाकने," ती म्हणाली. पोरांच्या बापाला पाकने आणि आईला बुने अशीच हाक मारायची पद्धत. पोरं दोघंही जकार्ताला होती, बाप उरला होता. "चोराला निमंत्रणपत्रिका पण पाठवलीत का?"

"बुने, हे लोखंड बघ किती गरीब आहे."

"बघतेय. पस्तीस वर्षं बघतेय."

स्क्रू पितळेचे हवे होते. लोखंडी स्क्रू चुंबकाजवळ नेला की पेचकस हातातून सुटतो आणि नेमका पट्टीतून आरपार जातो. हे त्याला तीन पट्ट्या गमावल्यावर समजलं. पितळी स्क्रू लोणच्याच्या बरणीत निघाले. फंड कामाला आला, हे वुर्यानीने शेजारपाजारी दोन दिवस सांगितलं. जाळीला चहाची गाळणी. तीही पितळेची निघाली, त्यामुळे तेवढे दिवस घरात चहा पानांसकट प्यावा लागला.

उरली पट्टी.

पट्टीने त्याची झोप, जेवण आणि वुर्यानीचा धीर संपवला. त्याने आधी ग्रेंजेंग वापरून पाहिला. ग्रेंजेंग म्हणजे लवंगी सिगारेटच्या पाकिटातला चांदीसारखा कागद. गरम पाण्यात भिजवला की कागद सुटतो आणि वर्ख हातात येतो. जावातल्या पोरांनी त्याचे मुकुट करायचे, बायकांनी बरण्यांची तोंडं मिटायची. छापखान्याच्या मोडक्या यंत्राची दोन दातेरी चाकं होती, त्यांच्यामधून फिरवून त्याने त्याला चुण्या घातल्या, टांगला, समोर बोलून पाहिलं. आवाज आला. पण जाड, गोधडीतून यावा तसा. "जड आहे," तो स्वतःशी म्हणाला, आणि ग्रेंजेंगला त्याने मनातून कायमचं उतरवलं. मग पंख्याच्या जुन्या कपॅसिटरची गुंडाळी उलगडली. ती पातळ होती, पण तेलात बुडून बुडून इतकी म्हातारी झाली होती की चुणी घालताच कडेकडेने फाटायची. चॉकलेटचा वर्ख झाला. बेकरीचा झाला. प्रत्येक पट्टी संध्याकाळी उत्तम वाटायची आणि सकाळी चहाच्या आधी उतरायची.

सतराव्या दिवशी त्याला एम्बाह ब्रोजो, म्हणजे ब्रोजो आजोबा, आठवला.

ब्रोजो वोनोगिरीकडे मान्यारानला राहायचा, छायानाट्याच्या चामडी बाहुल्या करायचा. अर्जुनाच्या अंगाला, कर्णाच्या कुंडलांना तो सोन्याचा वर्ख लावायचा. कास्मादी पन्नास किलोमीटर मोटरसायकल हाकत गेला. म्हातारा ओसरीवर बसून भीमाला नखं कोरत होता. जावाचा भीम अंगठ्याच्या नखाने लढतो, त्यामुळे ते काम तो दुसऱ्या कुणाला देत नसे.

"वर्ख पाहिजे," कास्मादी म्हणाला. "पातळात पातळ. न्यी सामिंतेनच्या मुद्रणासाठी."

ब्रोजोने हात पुसले, आत गेला, वहीत जपलेला वर्ख घेऊन आला. "चोवीस कॅरट. राजवाड्याच्या बाहुल्यांना लावतो ते. न्यी सामिंतेनसाठी म्हणतोस ना? घे. माझ्या बापाने तिच्या गाण्यावर रात्र-रात्र बाहुल्या नाचवल्यात."

कास्मादीने तो पाहिला आणि मान खाली घातली. "सोनं नको, एम्बाह. सोनं जड असतं. हलायलाच तयार नाही होत."

"मग चांदी?"

"तीही जड."

"तुला पाहिजे तरी काय?" म्हातारा चिडला. "सोनं नको, चांदी नको. भीक मागायला आलास की नावं ठेवायला?"

कास्मादी जरा घुटमळला. मग जे विचारू नये ते त्याने विचारलं. "दुकानात पर्यटकांना विकायच्या बाहुल्या तुम्ही करता ना... त्यांना काय लावता?"

ब्रोजोचा चेहरा बदलला. त्याने आधी रस्त्याकडे पाहिलं, मग भीमाकडे. "कोण म्हणालं तुला?"

"कुणी नाही. चमक वेगळी दिसते."

म्हाताऱ्याने भीम बाजूला ठेवला. मग उठला, पलंगाखालून बिस्किटांचा डबा ओढला आणि तळातून एक चपटं पुडकं काढलं. आत पांढरट वर्ख होता. माशीच्या पंखापेक्षा पातळ, ॲल्युमिनियमचा.

"वरून पिवळं रोगण फिरवतो," तो हळू आवाजात म्हणाला. "मग सोनंच वाटतं. माझ्या सुनेलाही माहीत नाही."

कास्मादीने एक पान ओठांपासून लांब धरलं. नुसत्या नाकाच्या वाऱ्याने ते उभं राहिलं. "हेच," तो म्हणाला.

"म्हणजे माझ्याकडे खरं आहे ते तुला चालत नाही, आणि खोटं आहे ते हवंय."

"हो, एम्बाह."

"पाच पानं देतो. आणि तू मान्यारानला आलाच नव्हतास."

पाचातली दोन पानं कापताना गेली. तिसऱ्याची पट्टी जमली. समोर वुर्यानी "भात झाला" म्हणाली आणि कानाला लावलेल्या हेडफोनमधून कास्मादीला तो भात वाफाळताना ऐकू आला. तो उठून दोनदा अंगणात जाऊन आला. पट्टीची टोकं जबड्यांच्या मध्ये पक्की करायला त्याने ब्रोजोचंच सरस वापरलं होतं, चामडं उकळून केलेलं, ज्याने वर्ख अर्जुनाच्या अंगाला शंभर वर्षं चिकटून राहतो. अर्जुन पेटीत असतो, कोरड्या कापडात. कास्मादीचा मायक्रोफोन मोजोसोंगोच्या पावसाळ्यात होता. दोन दिवसांत सरसाने ओल प्यायली, मऊ पडलं, आणि पट्टी दोरीवरच्या ओल्या लुंगीसारखी लोंबली. चौथं पान त्याने पितळी चिपांमध्ये आवळून बसवलं आणि स्क्रूचा एक आटा जास्त दिला. तुटलं. पाचवं बसलं.

पाचवं नीट बसलं होतं. पुढचे सहा दिवस तो ते नीट बसलंय का, हे उघडून पाहत राहिला.

"झाकण लावा," वुर्यानी म्हणायची.

"डावीकडे केसभर जास्त वाटतं."

"पाकने, झाकण लावा. कवड्याला पण असंच केलं होतंत."

मंगळवार-क्लिवोनला त्याने सकाळपासून बंदोबस्त केला. पंखा बंद. समोरच्या घरातल्या कोंबड्याला टोपलीखाली. मायक्रोफोनवर वुर्यानीचा धुवट सदरा. इथल्या माणसाला मायक्रोफोन दिसला की तो आधी त्यात फुंकतो आणि मग दोन टिचक्या मारतो. गल्लीचा प्रमुख असो की मशिदीत बांग देणारा. म्हणून कास्मादीने दारावर पाटी लावली, फुंकू नये. सामीजानला बजावलं. बघायला आलेल्या शेजाऱ्याला बजावलं. वुर्यानीला तीनदा बजावलं, तेव्हा ती म्हणाली, "मी चुलीत फुंकणंसुद्धा सोडलंय."

सामिंतेनला त्याने काही सांगितलं नाही.

ती आली ती भाच्याच्या रिक्षातून, जुनं तपकिरी बाटिक नेसून, अंबाडा घालून, एकाहत्तर वर्षांची. पाटी तिने पाहिली नाही. पाटी दाराच्या वर होती आणि ती कुणाच्याही दारात मान वर करून शिरत नसे. तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान असलेल्या माणसाने, तेही कनिष्ठ पदाच्या, न्यी सामिंतेनला मायक्रोफोनसमोर कसं वागावं ते सांगायचं? कास्मादीने चारदा तोंड उघडलं. पहिल्यांदा म्हणाला, "चहा घ्या." दुसऱ्यांदा, "प्रवास कसा झाला?" ती दोन गल्ल्या ओलांडून आली होती. तिसऱ्यांदा म्हणाला, "एम्बाक्यू, ते मायक्रोफोनचं..." "काय रे?" "काही नाही. नवीन आहे." चौथ्यांदा नुसतंच उघडून मिटलं.

ती चटईवर बसली. सामीजान गेंदेरमागे बसला. कास्मादीने मायक्रोफोनवरचा सदरा काढला, स्वतःच्या भाच्याकडून आणलेला रेकॉर्डर सुरू केला, कानाला हेडफोन लावले. सामिंतेनने पदर सावरला, मायक्रोफोन जवळ ओढला आणि पन्नास वर्षांच्या सवयीने आधी त्यात फुंकलं.

"फू. फू."

कास्मादीच्या कानात पहिला फू आला. दुसरा आला नाही.

 कास्मादीने हेडफोन काढले, पेचकस घेतला, झाकण उघडलं. पट्टी मधोमध तुटली होती आणि दोन्ही तुकडे आपापल्या चुण्यांत गुंडाळून बसले होते.

"काय झालं?" सामिंतेनने विचारलं.

"काही नाही," कास्मादी म्हणाला. "मोडलं."

"माझ्याने?"

"नाही, नाही. जुनं होतं."

"आत्ताच म्हणालास ना नवीन आहे?"

सामीजान गेंदेरवरून म्हणाला, "ताई, दारावर पाटी आहे. सगळ्यांना सांगितलंय त्याने, फुंकू नका म्हणून. तुला तेवढं सांगितलं नाही. तू मोठी ना."

सामिंतेनने कास्मादीकडे पाहिलं. "मग दुसरी पट्टी घाल."

"वर्ख संपला. मान्यारानला जाऊन यायचं, चुण्या घालायच्या, बसवायची... एक दिवस जाईल." तो उठला, दारापर्यंत गेला, परत आला. "उद्या तुम्ही जाणार."

"मग राहू दे. एवढं काय त्यात. माझी ती जुनी टेप आहे ना तुझ्या कपाटात? तरुणपणची. तीच ऐक."

कास्मादी उभाच होता. गुडघा हलत होता, पेचकस हातात होता. "नाहीये," तो म्हणाला.

"काय नाहीये?"

"टेप. पुसली मी. अठ्ठ्याहत्तर साली. तिच्यावर युरियाचं भाषण घेतलं. दोन टेपा होत्या, मी तुमची घेतली. मेव्हण्याला घाबरून." तो भरभर बोलत होता, कुणी थांबवायच्या आत संपवावं तसा. "दर ईदला खोटं बोललो. एकतीस वेळा."

वुर्यानीने स्वयंपाकघरातलं भांडं खाली ठेवलं.

"एक पोतं बिघ्याला," सामिंतेन म्हणाली, "दोन हप्त्यांत द्यायचं. पहिला लावणीनंतर तीन आठवड्यांनी. पाणी काढून मगच टाकायचं."

कास्मादीला समजेना.

"पाठ आहे मला ते भाषण. रेडिओवर लागलं तेव्हा मी भात सडत होते. संपलं, आणि मागून मीच गायला लागले. शेवटची ओळ. मग कुणीतरी धडपडून बंद केलं. तूच होतास ना?"

"हो. टेप लावून चहा प्यायला गेलो होतो," कास्मादी म्हणाला. "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग दर ईदला विचारत का होता?"

"तू काय म्हणतोस ते बघायला." तिने अंबाड्यातली काडी नीट केली. "आधी वाटलं, पुढच्या वर्षी सांगेल. मग सवय लागली. दर वर्षी तुझे कान लाल व्हायचे, ते बघायला मजा यायची. आणि मीच सांगितलं असतं तर तुला किती ओशाळवाणं झालं असतं."

 सामीजान हळूच एका पितळी पट्टीवर ठोकणी टेकवून बसला होता.

"तर पट्टी कशाची लागते?" सामिंतेनने विचारलं.

"ॲल्युमिनियमची. पातळ."

तिने कमरेच्या पट्ट्यात हात घातला आणि लवंगी सिगारेटचं चुरगळलेलं पाकीट काढलं. सामीजानने छताकडे पाहिलं. बहीण सिगारेट ओढते हे त्याला चाळीस वर्षं माहीत नव्हतं. तिने उरलेल्या तीन सिगारेटी पदरात घेतल्या आणि आतला ग्रेंजेंग ओढून त्याच्या हातावर ठेवला.

"हा जड आहे," कास्मादी म्हणाला. "मी बघितलाय करून. आवाज जाड येतो. वरचं सगळं खातो."

"वरचं म्हणजे काय?"

"बारीक आवाज. चरचर, टकटक..." आणि तो थांबला.

"कवळी?" वुर्यानी दारातून म्हणाली.

पाऊण तास लागला. वुर्यानीने पाणी तापवलं, कास्मादीने कागद भिजवला, नखाने सोडवला, काचेवर पसरून पात्याने कापला. घाईत पहिली वाकडी गेली. दुसरी सरळ. दातेरी चाकांतून फिरवली. तेवढ्या वेळात सामिंतेनने मागच्या अंगणात जाऊन एक सिगारेट संपवली, आणि कोंबडा टोपलीखालून सुटला. पितळी चिपा, पितळी स्क्रू, गरीब लोखंड. या वेळी कास्मादीने शेवटचा आटा दिला नाही.

"एम्बाक्यू," तो म्हणाला, आणि घसा खाकरला. "फुंकू नका."

"बरं," ती म्हणाली. "आणि तू खाली बस. उभा राहिलास की मला लिलाव चालू आहे असं वाटतं."

तो बसला. गेंदेर सुरू झालं, बोटं रांगावीत तसं. ती गायली. आवाज तो नव्हता. मध्येच श्वास पुरत नव्हता, वरच्या सुराला ती जात नव्हती, त्याच्या दारातून डोकावून परत येत होती. ग्रेंजेंगने ते सगळं जाड, तपकिरी करून आत घेतलं. कवळी कुठेही नव्हती. एकविसाव्या मिनिटाला ती थांबली आणि कोंबडा आरवला. कास्मादीने बटण दाबलं तेव्हा त्याला समजलं की आपला गुडघा कुठल्याशा वेळेपासून हलत नव्हता, आणि हे समजताच तो पुन्हा हलायला लागला.

दुसऱ्या दिवशी बस गेली. कास्मादी स्टँडवरून आला तो सरळ टेबलाकडे गेला. डावीकडे केसभर जास्त वाटत होतं. पेचकस जागेवर नव्हता. वुर्यानीने तो लोणच्याच्या बरणीत टाकून बरणी माळ्यावर ठेवली होती आणि शिडी शेजाऱ्याला दिली होती.

शेतकी प्रसारण केंद्र पुढे बंद पडलं. त्याच्या टेपा जिल्हा कचेरीच्या गोदामात आहेत. क्रमांक एकशे चौदाच्या टेपवर वीस मिनिटं एकोणपन्नास सेकंद युरिया आहे, आणि त्यापुढे अकरा सेकंद सामिंतेन गाते.